रोटरी पॉलिशरने कारचा रंग घोटायला शिकताना

रोटरी पॉलिशर हातात घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची: हे मशीन आपणहून थांबत नाही. साध्या ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर (त्यात पॅड गोल फिरता फिरता हलतोही) दाब जास्त पडला किंवा पॅड तिरका झाला की त्याचं फिरणं मंदावतं, कधी पॅड जागच्या जागी नुसता थरथरत राहतो. चूक झाली तरी नुकसान बेताचंच होतं. रोटरीत मोटर, गिअर आणि पॅड थेट एकमेकांना जोडलेले असतात. दाबा, तिरकं करा, दाराच्या कडेवर टेकवा, पॅड त्याच वेगाने फिरत राहणार. म्हणून तर जुनाट, पांढरट पडलेला रंग रोटरी झपाट्याने उजळवते आणि तितक्याच झपाट्याने जाळतेही. कुठे, कधी आणि किती थांबायचं हे हाताला कळणं, यातच शिकण्याचा निम्म्याहून जास्त भाग आहे.

रंग किती जाड असतो

कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर मोजत गेलं तर साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ई-कोट, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर, त्यावर ३०-३५ मायक्रॉन प्रायमर, मग १५-२० मायक्रॉनचा रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअरकोट असतो. सगळं मिळून १०० ते १२५ मायक्रॉन. प्रिंटरचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे पत्रा आणि ऊन-पाऊस यांच्यामध्ये जेमतेम एक-सव्वा कागद आहे. त्यातला आपल्या वाट्याला येतो तो फक्त वरचा क्लिअरकोट, आणि तोही सगळा नाही.

लोकरी पॅड आणि जाड कंपाउंडने (बारीक कण असलेल्या घासायच्या मलमाने) एकदा नीट कटिंग, म्हणजे चरे जाईपर्यंत वरचा थर घासणं, केलं की दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. ऐकायला कमी वाटतं. पण उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच क्लिअरकोटमध्ये असतात. तो फार पातळ केला तर गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसेल आणि काही वर्षांनी बॉनेटवर पांढरे चट्टे पडून थर सोलायला लागेल. म्हणून माझा साधा हिशेब असा: गाडीच्या सबंध आयुष्यात क्लिअरकोटचा पाव भागसुद्धा जाता कामा नये.

यातून पहिला निर्णय आपोआप निघतो. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत असेल तर तो चरा घोटून काढायच्या फंदात पडू नका. त्याच्या कडा मऊ झाल्या की लांबून तो दिसेनासा होतो, तेवढ्यावर समाधान मानायचं. धुताना पडलेली बारीक जाळी, पाण्याचे हलके डाग, उन्हाने आलेला पांढुरकेपणा हे रोटरीचं खरं काम.

जाडी मोजायचं मीटर मिळत असेल तर जरूर घ्या. प्रत्येक पॅनलवर चार-पाच जागी मोजा आणि आकडे मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. ९०च्या खाली आकडा आला तर त्या पॅनलवर कटिंग नाही, फार तर चमक आणण्यापुरतं हलकं फिनिशिंग. २००च्या वर गेला तर पॅनल बहुधा पुन्हा रंगवलेलं आहे. ५००-१००० दिसलं तर खाली पुट्टी आहे. इथे एक फसगत होते: मोठा आकडा दिसला म्हणजे क्लिअरकोट जाड असं नाही. जाडी खालच्या प्रायमरची किंवा पुट्टीची असू शकते आणि वरचा थर नेमका पातळ. शिवाय साधी मीटर फक्त धातूवर चालतात, प्लास्टिकच्या बंपरवर ती काहीच सांगत नाहीत.

जुन्या गाडीवर क्लिअरकोट आहे की नाही हेही आधी पाहायचं. पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हाताने घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर तो क्लिअरकोट नसलेला एकेरी रंग आहे. पॅडला रंग लागत राहणार, घाबरायचं कारण नाही. क्लिअरकोटवाल्या गाडीवर मात्र पॅडला रंग दिसला तर मशीन त्याच क्षणी बंद. तुम्ही बेसकोटपर्यंत पोचलेले असता.

काही ठिकाणी मशीन लावायचंच नाही: मॅट रंग, नुकताच मारलेला आणि पुरता न सुकलेला रंग, आणि जिथे क्लिअरकोट आधीच सोलायला लागलाय ती जागा. सोललेल्या क्लिअरकोटला पॉलिशने बरं करता येत नाही, त्याला पेंटरच लागतो.

सामान

मशीन घेताना ताकदीपेक्षा कमीत कमी वेग बघा. ६०० आरपीएमपासून (मिनिटाला ६०० फेरे) हळू सुरू होणारं, ट्रिगरवर वेग हलकेच चढणारं आणि दोन-सव्वादोन किलोच्या आसपास वजनाचं मशीन शिकायला बरं. कापायच्या ग्राइंडरला पॅड लावून पॉलिश करायचा मोह अजिबात नको. त्याचा वेग १०,००० आरपीएमच्या पुढे असतो. रंग तर जाईलच, पॅड सुटून अंगावरही येईल.

वेगाचा हिशेब एकदा समजून घेतला की पुढचं बरंच सोपं होतं. पॅडचा मध्य जवळजवळ जागीच असतो, खरं पळते ती कड. १५० मिलिमीटरचा पॅड १५०० आरपीएमवर फिरवला तर त्याची कड सेकंदाला जवळपास १२ मीटर धावते. तोच वेग ठेवून ७५ मिलिमीटरचा पॅड लावला तर सहा मीटर. म्हणजे पॅड लहान केला की त्याच आकड्यावर काम निम्मं सौम्य होतं. अरुंद जागी, खांबांवर, दाराच्या हँडलभोवती लहान पॅड सुरक्षित वाटतो त्याचं एक कारण हे.

पॅड मुख्यतः दोन जातींचे. लोकरीचा पॅड झपाट्याने कापतो आणि तंतूंमधून हवा खेळत असल्यामुळे फोमपेक्षा कमी तापतो, पण मागे रेषा सोडतो. फोमचे कडक, मध्यम आणि मऊ असे प्रकार येतात. कडक कापायला, मऊ चमक आणायला. रंगांवर जाऊ नका, एका कंपनीचा नारंगी पॅड कडक तर दुसरीचा मध्यम असतो. सुरुवातीला एक लोकरी, दोन मध्यम फोम आणि दोन मऊ फोम पुरेत. बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड जिच्यावर बसतो ती चकती, पॅडपेक्षा थोडी लहानच हवी, म्हणजे प्लेटची कडक कड रंगाला लागत नाही.

कंपाउंड एक आणि फिनिशिंग पॉलिश एक. शक्यतो एकाच घराण्याची दोन्ही. काही कंपाउंडमधले कण घासता घासता झिजून बारीक होतात, त्यांना पूर्ण फेऱ्या द्याव्याच लागतात, अर्ध्यावर सोडली तर जाड रेषा राहतात. काहींचे कण शेवटपर्यंत तसेच राहतात, त्यांत काम झालं की थांबता येतं. बाटलीवर नीट वाचा, कारण कधी थांबायचं याचं अर्धं उत्तर तिथेच असतं.

बाकी मास्किंग टेप, चांगली एलईडी बॅटरी, भरपूर मायक्रोफायबर कापडं, १०-१५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि उरलेलं पाणी अशी फवाऱ्याची बाटली. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवायचं, सैल बाह्या आणि गळ्यातलं काही लोंबतं नको. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची. ती बॉनेटवर घासत राहिली तर एका बाजूला तुम्ही चरे काढताय आणि दुसऱ्या बाजूला पाडताय.

आधी भंगारातलं बॉनेट

स्वतःच्या गाडीआधी भंगारातून एखादं जुनं बॉनेट किंवा दार आणा, शक्यतो गडद रंगाचं, कारण गडद रंग काहीच लपवत नाही. ते कमरेच्या उंचीवर, हलणार नाही असं पक्कं ठेवा.

पहिली कसरत कंपाउंडशिवायची. मऊ फोम पॅडवर थोडं पाणी मारा, पॅड पॅनलवर टेकवा आणि मगच ६००-७०० आरपीएमवर मशीन सुरू करा. हवेत सुरू करून खाली आणू नका. पॅड टेकताच झटका बसतो आणि पुढे कंपाउंड असेल तेव्हा ते भिंतीपर्यंत उडतं. आता मशीन कुठे ओढतं ते बघा. तुमच्या बाजूने पाहिलं तर पॅड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पॅडची डावी बाजू किंचित दाबा, मशीन तुमच्याकडे येईल. उजवी दाबा, पुढे पळेल. पुढची बाजू दाबली तर डावीकडे जाईल, तुमच्याजवळची दाबली तर उजवीकडे. पूर्ण सपाट धरलं तर जवळजवळ एका जागी तरंगेल. या ओढीशी झुंजायचं नसतं, तिचा उपयोग करून घ्यायचा. उजवीकडे जाताना जवळच्या बाजूवर अगदी नाममात्र भार, डावीकडे येताना पुढच्या बाजूवर. हे मनगटात बसलं की दोन किलोचं मशीन हलकं वाटायला लागतं. मुठी आवळून धरणाऱ्याचे खांदे पंधरा मिनिटांत भरून येतात.

दुसरी कसरत जरा विचित्र वाटेल, पण माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. त्या भंगार पॅनलवर मुद्दाम रंग जाळा. लोकरी पॅड लावा, कंपाउंड घ्या, २००० आरपीएमवर पॅनलच्या घडीच्या रेषेवर टेकवून धरा. आधी कंपाउंड सुकून धूळ उडते, मग आवाज बदलतो, पॅड चिकटून उड्या मारायला लागतो, तापल्याचा वास येतो, चमक मावळते आणि रेषेवर खालच्या थराचा रंग डोकावतो. यातलं काय आधी होतं आणि काय नंतर, ते नीट लक्षात ठेवा. मध्ये किती सेकंद गेले तेही बघा. घडीवर ते फार थोडे असतात. खऱ्या गाडीवर पहिल्याच खुणेला हात उचलला गेला पाहिजे.

गाडीची तयारी

गाडी सावलीत हवी आणि पत्रा थंड. नीट धुवा, डांबराचे ठिपके आणि लोखंडाचे कण काढणारं द्रावण वापरा, मग भरपूर वंगण मारून क्ले (रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ माती) फिरवा. पत्र्यावर बोटं फिरवताना काही खरखरीत लागलं, तर तेच खडे उद्या पॅडमध्ये अडकून फिरणार आहेत.

टेप लावायला कंटाळू नका. रबर, काळं खरखरीत प्लास्टिक, बोधचिन्हं, पाण्याचे नोझल, हेडलाइटच्या कडा हे सगळं झाका. बॉनेटच्या कडा आणि दारांवरच्या घडीच्या रेषा यांवरही टेप. रंग मारताना ओला थर कडेवरून ओघळून पातळ होतो आणि पॅडचा दाब नेमका उंचवट्यावरच एकवटतो. पातळ थर आणि जास्त दाब एकाच जागी. शेवटी टेप काढून त्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीवर हाताने किंवा मऊ पॅडने हलकेच एकदा फिरलं की झालं.

चाचणीचा चौकोन

बॉनेटच्या मधोमध, सपाट जागी, ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा. सुरुवात नेहमी सौम्य जोडीने: मध्यम फोम आणि फिनिशिंग पॉलिश. पुसा, अल्कोहोलचं पाणी मारून पुन्हा पुसा, बॅटरी तिरकी धरून बघा. पुरेसं झालं असेल तर पूर्ण गाडीला तेवढंच. नसेल तर पॅड तोच ठेवून कंपाउंड, आणि तरीही नाही तर लोकर. लोकर सगळ्यात शेवटी, कारण तिने काढलेला थर परत आणता येत नाही आणि तिने सोडलेल्या रेषा काढायला पुन्हा थोडा थर द्यावा लागतो. पुष्कळ गाड्यांचं काम मध्यम फोमवरच भागतं.

ही पायरी गाळून थेट जाड कंपाउंड लावणारे रोज दिसतात. वेळ वाचतो खरा, रंग वाचत नाही.

प्रत्यक्ष फेरी

नव्या पॅडवर सुरुवातीला थोडं पॉलिश बोटांनी पसरून घ्या, कोरडा पॅड ओरखडे पाडतो. मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. पॅड बंद अवस्थेत चौकोनात चार ठिकाणी टेकवून थेंब वाटून घ्या. ६००-७०० आरपीएमवर भरभर एकदा पसरवा. मग वेग १२००, हात बसल्यावर फार तर १५०० पर्यंत न्या. मशीनवर आकडे ३००० पर्यंत असतात, ते तुमच्यासाठी नाहीत.

पॅड शक्य तितका सपाट. डावीकडून उजवीकडे सरळ पट्टा, पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. असा पूर्ण चौकोन झाला की वरून खाली, पुन्हा निम्मे चढलेले पट्टे. ५० सेंटिमीटर पार करायला सात ते दहा सेकंद. दाबायची गरज नाही. आडव्या पॅनलवर मशीनचं वजनच पुरतं. दारांसारख्या उभ्या भागावर तेवढाच भार हाताने द्यायचा असतो, आणि दमलेला हात तिथे नकळत मशीन एका बाजूला तिरकं करतो. म्हणून दारं दिवसाच्या सुरुवातीला करा, छत आणि बॉनेट नंतर.

पॅड फिरता असताना हात एका जागी कधीही थांबता कामा नये. फोन वाजला, कोणी हाक मारली, तर आधी ट्रिगर सोडायचा, मग मान वळवायची.

चार-सहा फेऱ्यांत कंपाउंडचा दुधी थर पातळ, तेलकट, जवळजवळ पारदर्शक होतो. तीच थांबायची जागा. शेवटच्या दोन फेऱ्या १००० वर उतरून, हात हलका करून मारा. थर सुकून धूळ उडेपर्यंत चालवण्यात काही मिळत नाही. मध्येमध्ये तळहात टेकवून बघा: कोमट चालेल, हात काढावासा वाटला तर पॅनल थंड होऊ द्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ५० अंशांच्या आसपास थांबलेलं बरं. बंपरवर आणखी जपून, कारण पत्र्यात उष्णता पसरते, प्लास्टिकमध्ये ती तिथेच साचून वरचा रंग मऊ पडतो. बंपरला मी लहान पॅड, ९००-१००० चा वेग आणि कमी फेऱ्या एवढंच देतो.

दर चौकोनानंतर पॅड साफ करा. फोमला नायलॉनचा ब्रश, लोकरीला तिचं दातेरी चक्र. पॅडमध्ये झिजलेला रंग आणि सुकलेलं कंपाउंड साठलं की तो कापत नाही, नुसता तापतो.

कडा

फिरणारी बाजू कडेवरून बाहेर जाणारी हवी, बाहेरून कडेवर चढणारी नको. पॅड पॅनलवरून फटीच्या दिशेने धावत असेल तर तो कडेवरून अलगद घसरून जातो. उलट दिशेने आला तर सगळा जोर त्या एका धारेवर येतो, आणि मशीन हातातून झटका मारतं ते वेगळंच. बॉनेटची उजवी कड असेल तर पॅडची पुढची बाजू वापरा, कारण ती डावीकडून उजवीकडे धावते. डावी कड असेल तर तुमच्याजवळची बाजू. तुमच्यापासून दूरच्या कडेला पॅडची डावी बाजू, जवळच्या कडेला उजवी. सुरुवातीला प्रत्येक कडेला थांबून हे मनात म्हणावं लागतं, आणि म्हणावंच. अँटेना, वायपरचे दांडे आणि नंबरप्लेटच्या कडा फिरत्या पॅडला ओढून घेतात. काढता येतील ते काढून ठेवा.

होलोग्राम

रोटरीची खरी बदनामी यानेच झाली आहे. पॅड एकाच दिशेने फिरत असल्याने अतिसूक्ष्म, एकाच वळणाच्या रेषा राहतात. ट्यूबलाइटखाली गाडी निर्दोष दिसते आणि उन्हात बाहेर काढली की बॉनेटवर हलत्या, झुळझुळत्या पट्ट्या. पॉलिशमधलं तेल या रेषा काही दिवस भरून ठेवतं, म्हणून दोन-चार धुण्यांनंतर गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. अल्कोहोलच्या पाण्याने पुसल्याशिवाय स्वतःच्या कामावर विश्वास ठेवू नका. पुसताना पत्रा थंड हवा आणि एकाला दोन कापडं, एक ओलं टिपायला, एक कोरडं. मग अंधारात एकच बॅटरी किंवा बाहेर ऊन. पसरट प्रकाशात होलोग्राम दिसत नाहीत.

काढायचे तर मऊ फोम, बारीक फिनिशिंग पॉलिश, वेग ९००-१०००, फक्त मशीनचं वजन आणि पॅड पूर्ण सपाट. तिरका पॅड हेच निम्म्या होलोग्रामचं मूळ असतं. कटिंगला वापरलेला पॅड धुऊनही फिनिशिंगला घेऊ नका, एखादा जाड कण राहतोच. मऊ क्लिअरकोटच्या काळ्या गाडीवर एवढं करूनही पुसट पट्ट्या उरू शकतात. तिथे शेवटची फेरी ड्युअल अ‍ॅक्शन मशीनने मारावी असं माझं स्पष्ट मत आहे. रोटरीने कापायचं आणि दुसऱ्या मशीनने शेवट करायचा ही पळवाट नाही, अनुभवी कारागीरही तसंच करतात.

काम मनासारखं झालं की मीटरने पुन्हा त्याच जागी मोजा आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. तीन-चार मायक्रॉनचा फरक असेल तर हात बरोबर बसतोय. दहाच्या पुढे गेला असेल तर पुढच्या पॅनलआधी पॅड आणि कंपाउंड दोन्ही सौम्य करा. ही नोंद जपून ठेवा, पुढे कोणी ही गाडी पुन्हा घोटायला घेतली तर त्याला पहिल्यांदा हेच आकडे लागतील. घोटलेला रंग उघडा सोडायचा नाही. त्याच दिवशी मेण, सीलंट किंवा कोटिंग, जे काही लावणार असाल ते लावा.

पॅड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. लोकरी पॅड मशीनला लावून रिकाम्या पिंपात कमी वेगावर फिरवला की पाणी झटकून जातं आणि तंतू मोकळे होतात. मग सगळे पॅड सावलीत, काम करणारी बाजू खाली करून वाळत ठेवा, म्हणजे पाणी मागच्या चिकटपट्टीत मुरत नाही.